पाण्यावर एवढंसं नाक

परवा पवईला तलावाच्या कठड्यापाशी उभी होते तर फिरायला आलेल्या एका काकांनी विचारलं, काय, मगर दिसली का? मी म्हटलं नाही काका, कासव आहे. ते थांबले, कठड्यावर हात टेकून बघायला लागले, मी बोट दाखवलं तिथे जलपर्णीच्या दोन झुबक्यांच्या मधे हातभर मोकळं पाणी होतं आणि त्यात काही म्हणजे काहीच नव्हतं. कुठाय? आत्ताच खाली गेलं, येईल परत. काका अर्धा मिनिट थांबले, मग बरं चालू दे तुमचं म्हणाले आणि निघाले, आणि ते वळणापर्यंत पोचले असतील नसतील तेवढ्यात ते वर आलं.

वर आलं म्हणजे नाक वर आलं. शेंगदाण्याएवढं, नळीसारखं पुढे काढलेलं, टोकाला दोन भोकं, आणि त्याच्या मागे जरासा उंचवटा म्हणजे डोळे, बस. बाकी अख्खं कासव पाण्याखाली. दोन-तीन सेकंद राहतं आणि परत आत. पावसाचा थेंब पडला की वर्तुळ पसरत जातं, मासा वर आला की छोटी खळबळ होते, आणि कासवाचं नाक येतं तेव्हा वर्तुळ जवळपास नसतंच, तेवढ्या जागी पाणी जरासं जाड झाल्यासारखं वाटतं. हे ओळखायला मला दोन पावसाळे लागले. पहिल्या वर्षी मी काय काय कासव समजून बघत बसले होते, नारळाची करवंटी, चपलेचा तळवा, विसर्जनातलं काहीबाही.

हे कासव म्हणजे मऊ पाठीचं, इंग्रजीत फ्लॅपशेल म्हणतात, शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. आपल्या डोक्यात कासव म्हटलं की जे येतं, षटकोनी नक्षीची टणक ढाल, तसलं काही ह्याला नाही. पाठीचं हाड आतमधे आहे पण वरून सगळं कातडं ताणून बसवलेलं, ओला रेनकोट असतो ना तसं, शेवाळी-काळपट. कडा लवचिक. आणि ह्याची खरी गंमत पोटाकडे आहे. मागचे पाय आत ओढून घेतले की त्यांच्यावर दोन झडपा बंद होतात, डावीकडे एक, उजवीकडे एक, पाकिटाची फ्लॅप बंद करावी तशा. इंग्रजी नाव त्याच्यावरूनच आलंय. मऊ पाठीच्या बाकीच्या बहुतेक कासवांना, म्हणजे गंगेतली ती भली मोठी वगैरे, त्यांना ह्या झडपा नाहीत. अशा झडपा असलेली ह्याची काही भावंडं राहतात थेट आफ्रिकेत. म्हणजे कुठे तिकडच्या नद्या आणि कुठे आमचा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, ज्याच्या बाजूला हा प्राणी रोज सकाळी श्वास घ्यायला वर येतोय आणि रोडवर सिग्नलला थांबलेल्या बसमधे शंभर माणसं आहेत.

पवई तलाव तसा माणसाने बांधलेला. 1891 च्या आसपास, ओढ्यावर बांध घालून, मुंबईला प्यायला पाणी हवं म्हणून, आणि ते पाणी काही पिण्याच्या लायकीचं निघालं नाही. विहार त्याच्या आधीचा, 1860 चा, तुळशी 1879 चा. विहार आणि पवई भरून वाहायला लागले की तेच पाणी पुढे मिठी नदी. कासवं त्याच्या आधीपासून त्या ओढ्यांत आणि भातखाचरांत असणार, आपण पाणी अडवलं तशी ती तलावात राहायला आली. तलाव कोणी बांधला हे कासवाला विचारायचं कारण नाही. त्याला पाणी लागतं, पाण्यात गोगलगायी, मासे, बेडूक, थोडा पाला लागतो, आणि काठ लागतो. काठाबद्दल मला बरंच बोलायचंय, पण त्याच्या आधी वसईला जाऊन यायला हवं.

माझं आजोळ वसईचं, वाडवळांचं घर. वाडीत केळी, पानवेल, मोगरा आणि मधोमध बावखल. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, हाताने खणलेलं, विहिरीहून कितीतरी ऐसपैस आणि उतरत्या मातीच्या काठाचं. पूर्वी त्याच्यावर रहाट असायचा, बैल फिरायचा, पाणी पाटाने वाडीत जायचं. मी बघितलं तोपर्यंत रहाट मोडून पडला होता, इंजिन आलं होतं, पण बावखल तेच. काठावर अळू, एका अंगाला करंज पाण्यावर वाकलेला, आणि त्याच्या मुळांच्या जाळीत उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मावस-मामेभावंडं पाय सोडून बसायचो.

मामा गळ टाकायचा, मरळ मिळावा म्हणून, गांडूळ लावून. मी आठ-नऊ वर्षांची असेन, म्हणजे 1992-93 ची गोष्ट. एकदा गळ असा जड झाला की मामाला वाटलं मुळात अडकला, ओढतोय ओढतोय, आणि चिखलातून वर आलं ते कासव. मी आयुष्यात पहिल्यांदा कासव बघत होते, आणि मला आठवतंय मला रडायला आलं, कारण ते चित्रातल्यासारखं नव्हतं. पाठीवर नक्षी नाही, मान ही एवढी लांब, सापासारखी, आणि ती मान गळ धरणाऱ्या मामाच्या बोटाकडे मागे वळून वळून येत होती. चावतं ते, चांगलंच चावतं. मामाने फडक्याने धरलं. आजोबा केळीतून आले, काही बोलले नाहीत, खाली बसले, त्याच्या तोंडातला गळ पकडीने कापून हळूच बाहेर काढला आणि त्याला काठावर ठेवलं. पाण्यात टाकलं नाही हं, काठावर ठेवलं. मी विचारलं टाका ना पाण्यात. तर म्हणाले, त्याचं ते जाईल, त्याला कळू दे आपण कुठे आहोत.

ते गेलंच नाही बराच वेळ. मान आत, पाय आत, झडपा बंद. ओला दगड. आम्ही पोरं कंटाळून गेलो, आजोबा तिथेच विळीने दोर कापत बसले होते. मी परत आले तेव्हा एक पाय बाहेर आला होता, तीन नखं. ह्या कुळातल्या सगळ्या कासवांच्या पायाला तीन-तीनच नखं दिसतात आणि त्यांच्या कुळाचं शास्त्रीय नावही त्याच्यावरूनच पडलंय हे मला कळायला पुढे वीस वर्षं गेली. तेव्हा फक्त ती नखं ओल्या मातीत रुतताना दिसली, मग दुसरा पाय, मग मान, आणि मग अचानक असं भर्रकन गेलं की कासवगती हा शब्द कोणी काढला असेल असं वाटावं. काठावर घसरण उमटली होती, मधे गुळगुळीत आणि दोन्ही बाजूंना ओरखडे. ती घसरण संध्याकाळपर्यंत होती.

आजोबांचं म्हणणं होतं की कासव पाणी राखतं. घरच्या विहिरीतही एक होतं, मुद्दाम सोडलेलं, किडे खातं पाणी स्वच्छ ठेवतं म्हणून. कोकणात बऱ्याच ठिकाणी असं करतात. उभ्या भिंतींच्या विहिरीत एकटं कासव सोडणं बरोबर नाही असं मला आता वाटतं, त्याला ना जोडीदार ना वर यायला जागा. पण आजोबांच्या मनात माया होती ह्यात शंका नाही. आणि एक गोष्ट ते अगदी बरोबर करायचे. एप्रिल-मे मधे बावखलाचं पाणी उतरलं की गाळ काढायचे, तो गाळ म्हणजे केळीला सोन्यासारखं खत, पण एका वेळी सगळा काढायचे नाहीत. एक कोपरा तसाच ठेवायचे, करंजाकडचा. फावड्याला काही मऊ-कडक लागलं की हाताने चाचपायचे, आणि कासव निघालं की उचलून त्या कोपऱ्यातल्या चिखलात. झोपलंय म्हणायचे, उठवू नका.

खरंच झोपलेलं असतं. पाणी आटायला लागलं की फ्लॅपशेल चिखलात स्वतःला गाडून घेतं आणि पाऊस येईपर्यंत तसंच पडून राहतं, अंगातली सगळी कामं मंद करून, साठवलेल्या चरबीवर. थंडीत झोपणारे प्राणी असतात तसं हे उन्हाळ्यात झोपतं. मागचा भाग उघडा राहू नये ह्यासाठी त्या पोटाच्या झडपा किती कामाच्या असतील विचार करा. आणि पहिला मोठा पाऊस झाला, चिखल सैल झाला, की वर. मृगाच्या पावसानंतर रस्त्यावर कासव चालताना दिसलं असं जे लोक सांगतात ते बहुतेक हेच, नव्या पाण्याकडे निघालेलं.

आता एक गोष्ट सांगायची आहे जी मी फार जणांना सांगितलेली नाही.

2003 मधे मी कॉलेजला होते तेव्हा मी आणि भावाने माशांच्या दुकानातून एक कासव आणलं. रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं, हिरवंगार, गालावर लाल पट्टा. सोबत प्लास्टिकचा टब मिळाला, मधे प्लास्टिकचं माडाचं झाड. दुकानदार म्हणाला एवढंच राहतं, आणि आम्ही खरं मानलं. ते रेड-इअर्ड स्लायडर होतं, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. ते एवढंच राहत नाही. चार वर्षांत जेवणाच्या ताटलीएवढं झालं, टब बदलले, मग बाथरूममधली बादली, मग बाल्कनीतलं टाकं, वास येतो म्हणून आईची रोजची कटकट, आणि शेवटी 2007 च्या एका रविवारी आम्ही रिक्षा करून त्याला पवईला नेलं आणि सोडलं. मी हात जोडले होते. मला खरोखर वाटलं होतं की आपण ह्याला घरी सोडतोय.

हे प्राणी वीस-तीस वर्षं सहज जगतात. जगातल्या सगळ्यात उपद्रवी 100 परक्या प्रजातींची जी यादी आहे त्यात स्लायडर आहे. अमेरिकेत 1975 पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे, कारण त्यांच्यापासून मुलांना साल्मोनेलाचा संसर्ग व्हायचा, आणि आपल्याकडे ती नाण्याएवढी पिल्लंच तर विकली जातात. तलावात गेलेलं स्लायडर तिथल्या कासवांचंच खाणं खातं आणि ऊन खायच्या जागा अडवतं. पवईला पाण्यातल्या ओंडक्यावर कासवं ओळीने बसलेली दिसली आणि गालावर लाल पट्टा असला की मी आधी आकाराकडे बघते. सगळ्यात मोठं कुठलं. त्यातलं एखादं आमचं असेल का. ते आता बावीस-तेवीस वर्षांचं असेल. त्याचा काहीच दोष नाही, ऊन खात बसलंय बिचारं, पण मी सोडलं होतं, आणि ही गोष्ट मला तिथे उभं राहिलं की दर वेळी आठवते आणि आठवायलाच हवी असं वाटतं. ज्यांच्या घरी असं कासव आहे आणि मोठं झालंय त्यांनी कृपा करून तलावात सोडू नका, मंदिराच्या कुंडातही नको, एखाद्या प्राणी-बचाव संस्थेला विचारा, नाहीतर त्याला मोठं टाकं करून द्या. आणलंत तर जन्मभराचं आहे ते.

आणि उलट आपलं फ्लॅपशेल मात्र घरात ठेवणं हा गुन्हा आहे, वन्यजीव संरक्षण कायदा 1972, पहिली अनुसूची, म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे तेच. हे मी सांगते तेव्हा लोक हसतात, वाघ आणि हे? हो, वाघ आणि हे. मांसासाठी, तथाकथित औषधांसाठी, भाग्य उजळावं म्हणून, सगळ्यासाठी ह्याला पकडतात. आपल्याकडे काचेच्या ताटलीत पाणी घालून धातूचं कासव ठेवतात ना शोकेसमधे, ते ठेवा, त्याने कोणाचं काही बिघडत नाही.

मधे 2020 च्या जुलैमधे ओडिशातल्या बालासोर जिल्ह्यात एक पिवळंधमक कासव सापडलं होतं, त्याचे फोटो सगळ्यांच्या व्हॉट्सअपवर फिरले, मलाही अकरा जणांनी पाठवले, बघ तुझं कासव, किती दुर्मिळ. ते हेच होतं. फ्लॅपशेलच, फक्त अंगात रंगद्रव्य नसलेलं, गुलाबी डोळ्यांचं. मी सगळ्यांना उत्तर दिलं की ह्याचंच नेहमीच्या रंगातलं भावंड पवईला आहे, रविवारी या दाखवते. दोघी आल्या. त्यातल्या एकीला दिसलं, दुसरीचा फोन वाजला तेवढ्यात ते गेलं. जिला दिसलं ती कितीतरी वेळ काही बोललीच नाही आणि मग म्हणाली, अगं ते आपल्याकडे बघत होतं.

मऊ पाठीचं अजून एक कासव आहे महाराष्ट्रात, त्याची मला फार ओढ आहे, अजून दिसलेलं नाही. लीथचं कासव. 1872 मधे जॉन एडवर्ड ग्रे ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्याला नाव दिलं ते मुंबईत असलेल्या लीथ नावाच्या डॉक्टरवरून. दख्खनच्या नद्यांमधलं कासव ते, भीमा, कृष्णा, गोदावरी. पिल्लाच्या पाठीवर डोळ्यांसारखे गोल ठिपके असतात आणि वय वाढलं की ते पुसट होत जातात. माझ्या शहरातल्या एका डॉक्टरचं नाव एका कासवाच्या पाठीवर दीडशे वर्षं फिरतंय आणि शहरात ते कोणाला माहीतही नाही, ह्याचं मला वाईट वाटतं. पंढरपूरला गेले की चंद्रभागेच्या वाळवंटात उभी राहून मी पाण्याकडे बघते, बाकीचे मंदिराच्या रांगेत.

तर काठ. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात, उपनगरातल्या एका जुन्या तळ्याचं सुशोभीकरण चाललं होतं. नाव लिहीत नाही. माझ्या मैत्रिणीची खिडकी त्या तळ्यावर उघडते, तिचा फोन आला की इथे जेसीबी चालू आहे आणि गाळात काहीतरी हलतंय. मी भांडुपहून गेले तोपर्यंत दुपारचे दोन. तळं पूर्ण कोरडं खरवडलेलं, डंपर भरून गाळ जात होता आणि बाजूच्या ढिगात ते होतं, पाठीवर दातऱ्याचा लांब ओरखडा, रक्त आणि चिखल एकत्र झालेला. ऊन मरणाचं. जेसीबीचा ड्रायव्हर, यूपीचा मुलगा, स्वतः खाली उतरला आणि त्यानेच त्याच्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी त्याच्यावर ओतलं. म्हणाला सकाळपासून चार निघाली, दोन मेली. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की चिखलात कोणी झोपलेलं असतं. त्याला काय, ज्यांनी तो प्लॅन काढला त्यांनाही कोणी सांगितलं नसेल. आम्ही वनविभागाच्या 1926 ह्या नंबरला फोन केला, दीड तासाने माणसं आली, ओल्या गोणपाटात गुंडाळून नेलं. जखम भरली, पावसाळा लागल्यावर सोडलं असं नंतर कळलं. कुठे ते सांगितलं नाही, आणि ते बरोबरच.

गाळ काढायला माझा विरोध नाही. आजोबाही काढायचेच. पण त्या तळ्याला आता चारही बाजूंनी काँक्रीटची उभी भिंत आहे, वर पेव्हर ब्लॉक, त्याच्यावर बाकडी, दिवे, मधे कारंजं. संध्याकाळी छान दिसतं, म्हातारी माणसं बसतात, मुलं खेळतात, मला ते सगळं आवडतं खरंच. पण पाण्यातून वर यायला एक इंचसुद्धा उतार नाही. मासे राहतील त्यात. कासव राहू शकेल, जगेल काही वर्षं, पण त्याच्या पुढे नाही.

कारण अंडी. कासव पाण्यातलं असलं तरी अंडी पाण्यात घालत नाही. मादीला वर यायला लागतं, चालत, काठाची माती पायाने चाचपत, आणि मागच्या पायांनी खड्डा करून त्यात गोल, पांढरी, कडक कवचाची अंडी घालून माती सारखी करून ती परत पाण्यात जाते. परत येत नाही. पिल्लांचं तोंडही बघत नाही. आपल्याकडे लहानपणापासून ऐकलंय की कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेने वाढवते, लांबून बघते आणि पिल्लं मोठी होतात. संतांनी देवाच्या मायेला हीच उपमा दिलीय, माझी आजी कीर्तनातून आल्यावर सांगायची तेव्हा तिचे डोळे भरून यायचे. मला कासवाची खरी माहिती कळली तेव्हा आधी ह्याच गोष्टीचं वाईट वाटलं होतं, की असं काही नसतं, ती तर निघून जाते.

आता मला वाटतं आजी अगदीच चुकीची नव्हती. ती बघते, फक्त पिल्लांच्या आधी बघते. पाण्यातून ते नाक बाहेर काढून ती काठाकडे बघत असते, कुठली माती मऊ आहे, कुठपर्यंत पाणी चढेल, कुठे ऊन आहे, कुठे वर्दळ आहे. तिची जी काही माया आहे ती सगळी जागा निवडण्यात संपते आणि पुढचं सगळं त्या मातीवर. आणि जिथे बघावं तिथे भिंत असेल तर ती काय बघणार.

पवईला सायकल ट्रॅकचं काम सुरू झालं होतं तेव्हा मी ह्याच भीतीने झोपले नव्हते. काठालगत दगड आणून टाकले होते. मे 2022 मधे उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं आणि टाकलेलं सगळं काढायला सांगितलं. मी त्या दिवशी ऑफिसमधे पेढे वाटले, कशाचे विचारलं तर काठाचे म्हटलं.

गेल्या सप्टेंबरची गोष्ट, गणपती होऊन गेल्यावरची. पाऊस सकाळी पडून गेला होता, संध्याकाळी पाचच्या सुमाराला ऊन आलं, ते पिवळं ऊन असतं ना पावसानंतरचं. तलावाच्या एका कडेला अजून थोडा मातीचा उतार आहे, गवत वाढलेलं, मगरींमुळे मी खाली कधीच उतरत नाही, वर लांब उभी राहते. नाक दिसलं. मग नाक बुडलं नाही. डोकं आलं, मान आली, आणि पाठ पाण्याबाहेर आली, ओली, चकचकीत. मी तोंडावर हात ठेवला. गेल्या इतक्या वर्षांत पवईला पूर्ण फ्लॅपशेल मी कधीच बघितलं नव्हतं, फक्त नाकं.

ती गवतात शिरली. दोनदा थांबली, मान उंच करून बघितलं, परत चालली. एका जागी माती उकरायला सुरुवात केली, सोडून दिली. तिथून चार हात वर गेली. तिथे थांबली ती थांबली. मला गवतातून फक्त पाठीची कड दिसत होती आणि ती डावी-उजवी हलत होती, एक पाय, मग दुसरा पाय. मागून एक मुलगा कुत्रा घेऊन आला, मोठा लॅब्राडोर, साखळी सैल. मी त्याला हातानेच थांबवलं आणि कानात सांगितलं. त्याने काही विचारलं नाही, साखळी मनगटाला दोन वेढे गुंडाळली आणि कुत्र्याला जवळ बसवून माझ्याबरोबर उभा राहिला. किती वेळ कोण जाणे, वरचे दिवे लागले, डास चावत होते, लिंक रोडवर हॉर्न चालूच, आणि आम्ही दोघं एकमेकांचं नावही माहीत नसलेले. कुत्राही शहाण्यासारखा बसला.

मग ती निघाली. येताना जेवढी थांबत थांबत आली तेवढी जाताना थांबली नाही, सरळ उतारावरून पाण्यात. मुलगा हळूच म्हणाला, घातली का अंडी? मी म्हटलं बहुतेक. त्याने विचारलं खूण करून ठेवायची का, काठी वगैरे. मी नको म्हटलं. कावळे आहेत, मुंगूस आहेत, भटकी कुत्री आहेत, आणि माणसांना तर काठी दिसली की उपटायची असतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेले, त्याच वेळी नव्हे पण त्याच जागी उभी राहिले. रात्री पाऊस झाला होता. गवत आडवं झालेलं, माती सगळीकडे सारखी. चढावरची तिची घसरण पुसली गेली होती. मी मनात मोजत राहिले, त्या दगडापासून चार हात, की पाच, की तो दगडच नव्हे. मला जागा सापडली नाही, आणि मी तशीच हसत बस पकडली.